बोट मोडलेला कर्णधार

९ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. लिहिले असं समज. खरं सांगायचं तर लिहिताना माझ्या मनात ते फारसे नाहीत, पण पद्धत मोडून तुला आणखी एक निमित्त कशाला देऊ?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुझा नवा पत्ता वॉर्डातल्या आजोबांनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. दोन आठवडे त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी एक दिवस त्यांचे गुडघे आखडले, तेव्हा त्यांचे दोन पेशंट मी सांभाळले आणि मग म्हातारा बोलला. डायलिसिसच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला दोन पेशंटची किंमत कळते.

तुझ्या जागी एक मुलगी आलीय. सगळे तिला 'नवी' म्हणतात. सुई टोचताना जीभ बाहेर काढते. तिसऱ्या खुर्चीवरच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी हात मागे घेतला आणि म्हणाले, "धाकट्या बाई कुठे गेल्या हो? त्या टोचायच्या तेव्हा कळायचंसुद्धा नाही." मी शेजारच्या मशीनच्या नळ्या जोडत होते. अकरा वर्षं मीही त्याच खोलीत सुया टोचतेय. माझं टोचलेलं मात्र मास्तरांना बरोबर कळतं.

नवीला लीग समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ऐकता ऐकता तिचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे कोणाला कधी रजा मिळणार हे क्रिकेटवर ठरतं?" मी म्हटलं, क्रिकेटवर नाही बाई, आमच्या कागदी क्रिकेटवर. आपण आठ जण, आठ संघ. खेळाडू खरे, संघ आपले. दर शनिवारी दुपारी बाराच्या आत अकरा नावांची चिठ्ठी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. त्यातल्या एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवडाभर ते खरे खेळाडू मैदानावर जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. दर आठवड्याला कोणा एकाशी सामना, असे दहा आठवडे. मग नंबर लागतात आणि त्या नंबरानं वर्षभराच्या रजेच्या तक्त्यातला आपापला आठवडा निवडायचा. एका आठवड्यात एकच माणूस रजेवर, कारण मशीन थांबलं की पेशंटच्या अंगात पाणी साठतं. निवडलेला आठवडा बदलायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचा नाही.

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी सांगितलं, पूर्वी इन्चार्ज बाई रजा वाटायच्या तेव्हा रोज वशिल्यावरून भांडणं. मग आपल्या कारकुनानं हे काढलं आणि भांडणं बंद झाली. नशिबाशी कोण भांडणार?

तर ती कार्टी विचारते, "आणि कोणी मुद्दाम हरलं तर?"

चहाच्या खोलीत सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागले. तेव्हा तुला एकदा स्पष्ट लिहून टाकते. ती चूक होती. गेल्या हंगामातल्या त्या शेवटच्या शनिवारी दोन मशीन बंद होती, पेशंट जिन्यापर्यंत बसले होते, मी आदल्या आठवड्याचीच नावं पुन्हा लिहून टाकली. माझ्या कर्णधाराचं बोट मोडलंय आणि तो खेळणारच नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पेपर वाचायला सवड कोणाला होती?

आईचं जे झालं ते तू जवळ असतीस तरी झालंच असतं. निदान एक विसरू नकोस. तुझी रजा गेली तेव्हा "माझ्याच्यानं नाही सांगवत, ताई, तूच सांग आईला" म्हणून माझ्या कुशीत रडणारी तू होतीस. सांगितलं मीच.

तुझी खाट तशीच आहे. त्यावर मी वाळलेले कपडे टाकते.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकटे,

अठरा दिवसांनी उत्तर, आणि तेही तीन ओळींचं. 'ताई, ती चूक नव्हती हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. पण मी तुला माफ केलंय. तब्येतीला जप.'

वा! नाकानं कांदे सोलायची तुझी सवय तिकडे जाऊनही गेली नाही तर. माझं पत्र पुन्हा काढ आणि वाच. माफी मागितलीय का कुठे? दुकानात न मागितलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली तर गिऱ्हाईकसुद्धा चिडतं.

बरं, तुला खरंच हवंय ना? मग घे. मुद्दाम हरले. लीगचा नियम तुला पाठ आहे, शेवटच्या दोघांना पुढच्या हंगामात खेळाडू निवडायची पहिली संधी. मी सहावी होते. सहाव्याला काय मिळतं? रजेत उरलंसुरलं आणि पुढच्या वर्षी खेळाडूंतही उरलंसुरलं. एक सामना हरून सातवी झाले, तर तो डावखुरा फलंदाज माझा. म्हणून बोट मोडलेला माणूस कर्णधार केला. दुप्पट शून्य शून्यच. यात पाप कसलं? मोठमोठ्या लीगमध्ये हे चालतं. स्वतःच्या संघाचं भलं बघितलं.

तू मात्र आई गेल्यावर महिनाभरानं कारकुनाचा खण उपसून माझी चिठ्ठी शोधून काढलीस आणि चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरलीस. आठवतं ना? चिठ्ठीवर शनिवारची तारीख, आणि बोट मोडल्याची बातमी गुरुवारची. मुठीत धरून तू ती पार चुरगळली होतीस. तुझ्याच हाताबद्दल पेशंट इतकं कौतुकानं बोलतात, म्हणून लक्षात राहिलं.

कारकून वही उघडून म्हणाला, "हरू नये असा नियम नाही." पहिलवान, ज्याचे दंड माझ्या मनगटाएवढे, तो म्हणाला, "माझ्याकडे कशाला बघता? मी जिंकलो, एवढंच." त्याच्या पोरांना शाळेची सुट्टी होती, त्याला त्या आठवड्यात डोंगरावर जायचं होतं, त्यानं तो आठवडा उचलला. आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे हे त्याला माहीत होतं. तू त्याच्या हातापाया पडली होतीस. त्यानं तक्त्याकडे बोट दाखवलं होतं.

आणि आजोबा. ते कधी बोलत नाहीत, नेमके तेव्हा बोलले. "स्वतःसाठी हरलीस तर तो डाव आहे, बाई. कोणाला बुडवायला हरलीस तर त्याला खेळ म्हणू नकोस, दुसरं काहीतरी नाव शोध." मी म्हटलं, स्वतःसाठीच. ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला उठून मशीन तपासायला जावं लागलं. मशीन चांगलं चालू होतं.

इन्चार्ज बाईंना तू काय थोडं विनवलंस? "ठरलेलं ऑपरेशन म्हणजे आकस्मिक कारण नाही," म्हणाल्या. पाचव्या दिवशी आई गेल्याचा फोन आला, तेव्हा मात्र तीन दिवसांची रजा ताबडतोब. आपल्या दोघींनाही, एकदमच. माणूस मेलं की नियम कसा मऊ होतो बघ.

तुला खोटं आजारपण सांगता आलं असतं. पोटात दुखतंय म्हणायचं आणि गाडीत बसायचं, नऊ तासांचा तर प्रवास. पण नाही, तू पडलीस प्रामाणिक. मीही तुला ते सुचवलं नाही, हे मान्य करते.

डावखुरा या हंगामात माझ्याकडे आहे. बरा खेळतोय.

ताई

१६ मार्च

धाकटे,

तू लिहितेस, 'एका फलंदाजासाठी तू असं केलंस हे मला पटत नाही. पण कारण काहीही असो, माझ्या मनात राग उरला नाही.'

उरला नाही म्हणे! मी इथे रोज उठून तुझ्या रागाची वाट बघते. खोलीत शिरले की तुझी खाट दिसते आणि वाटतं, आज तरी हिचा एखादा सणसणीत कागद येईल. आणि येतं काय, तर गुळगुळीत क्षमा. तुला कारण हवंय. देते.

चौथा आठवडा आठव. तुझा आणि माझा सामना. त्याआधी मी तीनही सामने हरले होते आणि पहिलवान मला 'रुग्णवाहिका' म्हणायला लागला होता. तुला हरवलं मी. बेचाळीस गुणांनी! त्या दिवशी मी चहाच्या खोलीत सगळ्यांना स्वतः चहा करून दिला, इन्चार्ज बाईंनासुद्धा. फळ्यावरचा आकडा कोणी पुसू नये म्हणून त्याभोवती चौकट काढली. चाळिशीची बाई, आणि घरी येताना जिन्यात गाणं म्हणत होते. तू मागून येत होतीस आणि हसत होतीस. मला वाटलं, धाकटीला बहिणीचं कौतुक आहे.

तीन दिवसांनी तू मोरीत भांडी घासत होतीस. हात ओले, म्हणून फोन कट्ट्यावर ठेवून आवाज मोठा केलेला. मी जिन्यातून वर आले, दार उघडंच होतं. आईचा आवाज तुला माहीत आहे, खाजगी बोलायला लागली की आणखी मोठा होतो.

"मग? जिंकू दिलंस का ताईला?"

तू म्हणालीस, "दिलं गं. दोन असे घेतले की जे खेळणारच नव्हते. पण तिला कळू देऊ नकोस हं."

आणि आई म्हणाली, "बरं केलंस. तिचं मन पहिल्यापासून कोतं. लहानपणी पण तुझ्यापेक्षा एक घास जास्त वाढला की गप्प बसायची. वाढत जा अधूनमधून."

वाढत जा अधूनमधून.

बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतीस. त्यानंतर आठ वर्षं त्या बाईची औषधं, तिचे दवाखाने, तिची कुरकुर आणि तुझी फी, सगळं कोणी बघितलं? तिच्या पायाला मालिश करायची तर ती म्हणायची, तुझे हात जड आहेत, धाकटीला बोलाव. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हाही फोनवर पहिलं वाक्य काय, "धाकटीलाच पाठव, तिच्या हातानं बरं वाटतं." मी येऊ का, असं मी विचारलंच नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न कशाला विचारायचा?

तर आधी मुद्दाम हरलीस ती तू. आता हिशोब नीट बघ. शेवटच्या आठवड्याआधी तुझे सहा विजय, पहिलवानाचे पाच. तू आजोबांपुढे हरणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. पहिलवानाची गाठ माझ्याशी. मी जिंकले तर तू त्याच्या वर राहतेस आणि आठवडा तुझा. मी हरले तर दोघांचे सहा-सहा, आणि बरोबरीत ज्याचे एकूण गुण जास्त तो वर. ते त्याचे होते. म्हणजे तुझा आठवडा माझ्या चिठ्ठीत होता. मी चिठ्ठी लिहायला बसले. बोट मोडल्याची बातमी दोनदा वाचली, नाव अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं, पुढे कंसात 'कर्णधार'. खोक्यात टाकताना मला बरं वाटलं. पंधरा वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

पण चौथ्या आठवड्यात तू सरळ खेळली असतीस तर तुझे सात झाले असते. मग मी शंभरदा हरले असते तरी तुझं काही वाकडं झालं नसतं. तू दयेनं हरलीस, मी डूख धरून हरले. आईपासून तुला दूर ठेवायला दोनदा हरावं लागलं, धाकटे, आणि पहिली हार तुझी होती. जाऊन विचार आजोबांना, तुझ्या हरण्याला काय नाव द्यायचं ते.

आता तरी येऊ दे जरा राग.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

तुझं चार पानांचं पत्र मिळालं. शाई दोन ठिकाणी पसरलीय. रडत लिहिलंस की तिकडे तुझ्या टेबलावर पाणी सांडतं, माहीत नाही.

'त्या फोनबद्दल मला माफ कर, ताई. तू दारात होतीस हे मला कधी कळलंच नाही. मी तुला खूश करायला हरले, तुझा अपमान केला हे आज समजतंय.' वाचलं. मग तिसऱ्या पानावर हे, 'तरी तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, कारण एक गोष्ट तू माझ्यासाठी केलीस. मला सांगवत नव्हतं तेव्हा तू आईला सांगितलंस की मी येण्यासाठी किती धडपडले. आणि ती म्हणाली, दमते ती, समजतं मला. आपली धाकटी मुद्दाम आली नाही असं तिला वाटलं नाही. एवढ्यावर मी जगते. त्या एका गोष्टीसाठी तुझं बाकी सगळं माफ.'

पुन्हा तेच करतेयस. खेळू न शकणारे दोन गडी संघात घेऊन मला जिंकू देतेयस. वाढतेयस एक घास जास्त.

नको मला. ऐक.

आईचा फोन वॉर्डात आला, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, सकाळी. तू मास्तरांच्या हातातली सुई काढत होतीस आणि ते तुला काहीतरी विनोद सांगत होते. मी फोन घेऊन कपड्यांच्या कपाटाकडे गेले. आईनं माझी चौकशी केली नाही. "धाकटी कधी निघतेय?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "ती नाही येत."

"का गं? रजा नाही मिळाली?"

तेव्हा 'हो' म्हणायचं होतं, धाकटे. एक अक्षर. तेच सांगायला तू मला पाठवलं होतंस. मी म्हटलं, "रजा मिळाली. पण मैत्रिणींबरोबर डोंगरावर चाललीय. आधीपासून ठरलं होतं म्हणे." पहिलवानाची सहल मी तुझ्या नावावर घातली. तू कुठे राहणार, किती दिवस, तेसुद्धा सांगितलं. तो रोजच सांगायचा, त्यामुळे मला सगळं पाठ होतं.

 आई म्हणाली, "जाऊ दे गं. दमते ती. समजतं मला. करू दे मजा."

तेवढंच मी तुझ्यापर्यंत आणलं, मधलं एक वाक्य. पुढचं-मागचं कापून. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा तो आईजवळ राहिलेल्या शेजारणीनं उचलला, आईला इंजेक्शन देऊन झोपवलं होतं. नंतर तिच्या घशात नळी. शेजारीण मला मागाहून म्हणाली, पाचही दिवस कोणी दार उघडलं की आई मान वळवायची. म्हणजे ती गेली तेव्हा तू डोंगरावर मजा करत होतीस. तिच्या लेखी.

आता राहिलेलं सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

करू दे मजा, असं म्हणून आईनं फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिनं हळूच विचारलं, जसं एखाद्या परक्याला विचारावं तसं, "मग तू येतेस का?"

एवढ्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. तू नसलीस तर मी चालणार होते. कपाटाला टेकून उभी राहिले. वाटलं, कशाला नियमाकडे बघायचं, तसंच उठायचं आणि गाडीत बसायचं, तुला जे सुचवलं नाही ते स्वतःला सुचवायचं. पण डोळ्यांसमोर तक्ता आला. माझा नंबर सातवा. माझा आठवडा ऑक्टोबरातला. आणि तिकडे जाऊन खाटेशेजारी बसले असते, तर तिनं तुझ्या सहलीबद्दल आणखी विचारलं असतं.

मी म्हटलं, "बघते."

ती म्हणाली, "बघ हं."

परवा हंगाम संपला. मी पहिली आले. डावखुऱ्यानं शेवटच्या सामन्यात शतक ठोकलं, पहिलवान सातवा. यंदा एकही सामना कोणी मला सोडला नाही, मी कारकुनाच्या खणातल्या सगळ्या चिठ्ठ्या तपासल्या. कारकुनानं कोरा तक्ता माझ्यासमोर ठेवला. बावन्न आठवडे, एकावरही नाव नाही. बाकीचे सात जण मागे उभे. मी मे महिन्यातला तोच आठवडा घेतला.

नवीनं विचारलं, "कुठे जाणार, ताई?"

मी म्हटलं, "बघते."

आता कर माफ.

ताई